पडून दाखवणारे उमाटे सर

उमाटे सरांना पडता येत असे. निवृत्त झाल्यावरसुद्धा ते उभ्याउभ्या सरळ मागे पडत. आधी चष्मा काढून माझ्या हातात देत, मग पडत. पाठ आणि दोन्ही तळहात एकाच क्षणी गादीवर आपटत, मान मात्र वर धरलेली. आवाज असा होई की शेजारच्यांचं कुत्रं भुंकू लागे. मग उठून, चष्मा परत घेऊन, टीव्हीकडे बोट दाखवून म्हणत, "पडणं याले म्हणतात. तो पडला नाई, तो बसला."

'तो' म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीतला कोणीतरी पैलवान. रंगीत चड्डी, गुडघ्यापर्यंत बूट, गाणं वाजवत येणारा आणि दोऱ्यांना धडकून परत येणारा.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायची ठरवली आणि सरांवर मी लिहावं असं सांगितलं. आम्ही दोघं सेलूच्या त्या शाळेत एका स्टाफरूममध्ये म्हातारे झालो. ते गणिताचे, मी मराठीचा. पुढे दोघांनीही वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत घरं बांधली, मधे दोन गल्ल्या. म्हणून मला सांगितलं असावं. मी हो म्हणालो ते आणखी एका कारणासाठी. सर गेले त्याला वर्ष झालं. त्यांच्या नातेवाइकांत, शाळेत, आमच्या वस्तीत एक गोष्ट सांगितली जाते की सरांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी सैपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत, म्हणून उशीर झाला, म्हणून सरांची वाचा गेली. सरांचा मुलगा निखिलही तसंच मानतो. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे वहिनींना माहीत आहे, आमचे मित्र गजूभाऊ यांना माहीत आहे आणि मला माहीत आहे. ते मी इथे लिहिणार आहे. पण आधी सर कसे होते ते सांगितलं पाहिजे, नाहीतर जे झालं ते कोणाला खरं वाटणार नाही.

वर्गात सर पुस्तकी मराठी बोलत आणि फळ्यावर एकही अक्षर वाकडं येऊ देत नसत. वर्गाबाहेर आले की भाषा बदले. त्यांचं गाव सेलूजवळचं. तरुणपणी गावच्या दंडारीत ते काम करत. दंडार म्हणजे आमच्याकडचं रात्रभर चालणारं नाटक, गाणं आणि सोंगं. "माह्याकडं मरायचं काम राहे," ते सांगत. "राजा व्हाले सगळे तयार. मरायले कोणी तयार नाई. मले लय मागणी होती." एकदा ते असे मेले की पुढे बसलेल्या त्यांच्या सख्ख्या आत्याने रडायला सुरुवात केली आणि खेळ थांबवून त्यांना उठून तिला पाणी पाजावं लागलं. पाणी पाजून परत जागेवर जाऊन मेले. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते दहावीचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही मी पाहिलं नाही.

टीव्हीवरची कुस्ती त्यांना आवडू लागली ती यामुळेच असावी. सगळं आधी ठरलेलं असतं हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यात कमीपणा वाटत नव्हता. दर शनिवारी सरांकडे कुस्ती पाहायला आम्ही तिघं जमत असू; तिसरे गजूभाऊ झाडे, त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. ते अर्धं खरं मानायचे.

"सर, रक्त तं खरं राहते ना?" गजूभाऊ विचारायचे.

"रक्त खरं, भांडण खोटं."

"मंग खोट्या भांडणासाठी रक्त कायले काढतात?"

"तुमच्या घरी भांडण खरं राहते, रक्त निघते का कधी? सगळंच खरं करायले गेलं तं माणूस वाचते का, गजूभाऊ?"

इंग्रजी नावं आम्हाला पाठ होत नसत, म्हणून पैलवानांना सरांनी आपली नावं ठेवली होती. एक जण मारण्याआधी अख्ख्या रिंगणाला फेरी घाली, तो पोस्टमन. एक जण उशिरा यायचा, सगळ्यात जास्त वाजतगाजत यायचा आणि काम सगळ्यात कमी करायचा, तो जावई. जावयावर सरांचा राग होता आणि जीवही होता. जावई खांदा दुखावून बरेच महिने गायब झाला आणि एका शनिवारी अचानक त्याचं गाणं वाजलं. टीव्हीवरचं मैदान उसळलं. गजूभाऊंनी टाळी वाजवली. सर मात्र सोफ्यावर मागे रेलून म्हणाले, "थांबा. आत्ता गाणं आलं. माणूस कुठं आला? लोकं गाण्याले टाळ्या देऊन राह्यले."

जावई आला, पळत आला, तिघांना लोळवलं.

"आता?" मी म्हणालो.

"आता पाहू. पहिल्या दिवशी कोणीबी परत येते, मास्तर. दुसऱ्या शनिवारी येते का, ते पाहाचं राहते."

दुसऱ्या शनिवारी जावई लंगडत आला आणि त्याला उचलून आपटलं गेलं. तेव्हा सरांनी मांडीवर थाप मारली.

ही थाप आमची रीत होती. डाव पटला तर आखाड्यातल्या पैलवानासारखी मांडीवर थाप. नाही पटला तर तळहात उलटा करायचा आणि म्हणायचं, "नाई पटली." प्रत्येकाने मत दिलंच पाहिजे, गप्प बसणं चालत नसे. आणि ज्याचा डाव पटला नाही तो कसा करायला हवा होता, हे सर गादीवर करून दाखवत. दिवाणावरची गादी शनिवारी सायंकाळी आधीच खाली अंथरलेली असे. सर पडत, आम्ही त्यांच्याही पडण्यावर मत देत. गजूभाऊ मुद्दाम तळहात उलटा करायचे आणि सर खोटा राग आणून म्हणायचे, "तुम्ही खिळे मोजा. तुमचं काम नाई हे."

सुनंदावहिनींना या सगळ्याचा वैताग होता. सुरुवातीला सर पडल्याचा आवाज ऐकून त्या दोनदा धावत आल्या होत्या. दुसऱ्यांदा हातात पिठाचा गोळा होता. सर गादीवर डोळे मिटून पडलेले, आम्ही हसतोय. हिवाळा होता, सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळायला घेतली होती. त्या दिवशी आम्हाला वडी मिळाली नाही, मुरमुऱ्याचा चिवडा मिळाला. सर म्हणाले, "शिक्षा झाली. जास्त खरं पडलो."

शाळेत असतानाची एक गोष्ट जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. आठवीतल्या एका पोराने बाकावरच्या सोबत्याला टीव्हीत पाहून उचलून आपटलं. त्याचं मनगट सुजलं. मुख्याध्यापकांनी आपटणाऱ्याला छडीसाठी सरांकडे पाठवलं. सरांनी मनगट बरं होईपर्यंत वाट पाहिली. मग दोघांना कबड्डीच्या मैदानावर नेऊन माती उकरायला लावली आणि आपटणाऱ्याला विचारलं, "याला विचारलं होतंस?"

"नाही सर."

"मग तो डाव नव्हता. ती मारामारी होती. उचलणारा उचलत नसतो, उचलला जाणारा उडी मारतो. दोघांचं आधी ठरावं लागतं." आणि त्यांनी दोघांना आधी पडायला शिकवलं, उचलायला नंतर. मुख्याध्यापक व्हरांड्यातून पाहत होते. त्यांनी सरांना बोलावून काय म्हटलं ते मला कळलं नाही; सर परत येऊन एवढंच म्हणाले, "छडी जागेवर ठेवली."

एकदा वर्ध्याला मैदानावर अशाच कुस्तीचा फिरता खेळ आला होता. फळ्यांचं रिंगण, वर ताडपत्री, हरियाणाकडची पोरं आणि एक स्थानिक जाडा माणूस राक्षसाचा मुखवटा घालून. खेळ वाईट होता. लाथ हातभर लांबून जायची आणि तरी समोरचा पडायचा. लोक "फिक्स, फिक्स" ओरडू लागले. आमच्या मागचा एक तरुण फारच ओरडत होता. सर वळून त्याला म्हणाले, "काऊन बे, लग्नात बी असाच ओरडतो का, भटजी मंगलाष्टकं पाठ करून आला म्हणून?" खेळ संपल्यावर सर रिंगणाच्या मागे गेले. मुखवटेवाला ताडपत्रीवर बसून घाम पुसत होता. सरांनी त्याला सांगितलं की तुझी लाथ नाई पटली, पण दोऱ्यावरून बाहेर पडला ते पटलं. तो माणूस उभा राहून सरांच्या पाया पडला. येताना बसमध्ये सरांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "त्याचा गुडघा खरंच गेला आहे, मास्तर. लोकं त्याच्याच लंगडण्यावर हसले."

आता तो शनिवार.

पावसाळा संपत आला होता. दिवे लावायची वेळ. वहिनी सैपाकघरात होत्या, कुकर लावलेला होता. टीव्हीवर पोस्टमनची कुस्ती चालू होती. त्याला खुर्ची लागली आणि तो असा पडला की खुर्ची न लागताही पडला असता. मी तळहात उलटा केला. गजूभाऊंनीही केला. सर सोफ्यावरून उठले. दोन पावलं गादीकडे गेले आणि पडले.

ते एका अंगावर पडले. तळहात आपटले नाहीत. चष्मा डोळ्यावरच होता.

गजूभाऊ म्हणाले, "आज तं सर चष्म्यासकट."

मी म्हणालो, "नाई पटली, सर. मान खाली आली."

सर उठले नाहीत. एक हात गादीवर किंचित हलला. टीव्हीवरच्या पंचासारखा मी सोफ्यावरून वाकलो आणि फरशीवर हात आपटून मोजलं, एक, दोन, तीन. गजूभाऊ हसले. मीही हसलो. आम्हाला वाटलं, सर दंडारीतल्यासारखे मेले आहेत आणि आम्ही हरल्याचं कबूल केल्याशिवाय उठणार नाहीत.

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. हात पदराला पुसत होत्या. "काय झालं? कुकरच्या शिटीत मले आवाज आला."

"काही नाही वहिनी," मी म्हणालो. "सर पडून दाखवून राह्यले."

त्या सरांकडे पाहत उभ्या राहिल्या. "चष्मा नाई काढला," त्या म्हणाल्या.

"आज नवीन पद्धत आहे. जा तुम्ही. तुम्ही आलात की ते उठत नाहीत."

त्या गेल्या. जाताना एकदा वळून पाहिलं. मी हाताने, जा जा, असं केलं. मग पोस्टमनची कुस्ती संपेपर्यंत आम्ही टीव्ही पाहिला. संपली, जाहिराती लागल्या, तेव्हा गजूभाऊ सरांचा चष्मा काढायला खाली वाकले आणि म्हणाले, "मास्तर, सरांचं तोंड पाहा."

गजूभाऊंच्या मालाच्या गाडीत घालून आम्ही त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, हे कधी सुरू झालं. मी म्हणालो, "आत्ताच." वहिनी म्हणाल्या, "आत्ताच नाई. कुकरची शिटी झाली तेव्हा आवाज आला मले." डॉक्टरबाई त्यांच्याकडे वळल्या. "मग थांबलात कशाला, आई? यात जेवढं लवकर तेवढं बरं असतं." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं. त्या आल्या होत्या, मी परत पाठवलं. एवढंच. मी भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र पाहत राहिलो. गजूभाऊ गाडी लावायला गेले होते.

निखिल पुण्याहून सकाळी पोचला. डॉक्टरबाईंनी त्याला जे सांगितलं त्यात "आईंना आवाज आला होता" एवढंच होतं. पुढे ती गोष्ट आपोआप वाढत गेली. मी ती कुठे सांगितली नाही. कुठे अडवलीही नाही.

सर दोन वर्षं राहिले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक 'बा' उरला होता, तो सगळ्या गोष्टींसाठी. सुरुवातीला गजूभाऊ म्हणत, "सरांचा कमबॅक होते पाहा." मालिश करणारा माणूस यायचा. निखिलने मोठा टीव्ही आणून पलंगासमोर लावला. तो चांगला मुलगा आहे, हे मला लिहायलाच हवं. महिन्यातून एकदा यायचा, बापाची दाढी स्वतः करायचा. पण कोणी पाहुणा आला आणि विषय निघाला की आवाज न चढवता म्हणायचा, "आई एकदा बाहेर येऊन बघून गेली असती ना, तर आज बाबा बोलले असते." वहिनी त्या वेळी कशाची तरी घडी घालत असायच्या. आणि सर डाव्या हाताने पलंगाच्या फळीवर थपडा मारायचे. बा, बा, बा. निखिल म्हणायचा, "बघा काका, बाबांनाही त्याचाच राग येतो."

सर शुद्धीवर होते. गादीवर पडले तेव्हाही असणार. मी मोजलं ते त्यांनी ऐकलं असणार. वहिनी आल्या आणि मी त्यांना परत पाठवलं, तेही.

मागच्या महिन्यात हे लिहिण्याआधी मी वहिनींकडे गेलो. म्हणालो, तुमच्यावर जे आलं ते माझं आहे, आणि ते मी छापून देणार आहे. त्या तूर निवडत होत्या.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं. हे विचारायचा मला अधिकार नव्हता, पण विचारलं.

"तुम्ही सांगान म्हणून थांबली होती मी, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मंग लय दिवस झाले. मंग मी सांगतलं असतं तं लोकं म्हणाले असते, नवऱ्याच्या दोस्तावर ढकलून राह्यली."

"वाचून दाखवू का, काय लिहिणार आहे ते?"

"मले कायले? मी तं होतीच तिथं. निखिलले पाठवा."

गजूभाऊंना मुलीकडे अमरावतीला फोन केला. ते म्हणाले, "लिहा तुम्ही. माहं नाव टाका. मी बी हसलो होतो." म्हणून टाकलं आहे.

सरांना मी शेवटचं पाहिलं तो शनिवार होता. गजूभाऊ त्याआधीच अमरावतीला गेले होते आणि मी जाणं कमी केलं होतं; निखिल आला आहे असं कळलं म्हणून गेलो. सर उशांना टेकून बसले होते, नुकतीच दाढी केलेली, गालावर साबण राहिलेला. टीव्हीवर कुस्ती चालू होती. नागपूरची त्यांची एक मावसबहीण आली होती. तिने विचारलं की हे सगळं झालं कसं, आणि निखिलने नेहमीसारखं सांगितलं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात होत्या. मी टीव्हीकडे पाहत होतो.

या वेळी सरांनी फळीवर थपडा मारल्या नाहीत. त्यांनी डाव्या हाताने पांघरुणावर चाचपलं, रिमोट सापडला, बटण सापडायला वेळ लागला. टीव्ही बंद झाला. खोलीत पाहण्यासारखं दुसरं काही उरलं नाही.

"बाबा, बंद का केला?" निखिल म्हणाला.

सर माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही. वर्गात एखाद्या पोराला उभं करून उत्तर येईपर्यंत ते थांबत, तसं. त्यांना घाई नव्हती. मावसबहीण एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती.

मी उठलो. "निघतो," म्हणालो. "दळण आणायचं आहे, गिरणी बंद होईल."

आमच्याकडची गिरणी शनिवारी बंदच असते. निखिलला माहीत नसेल. वहिनी ट्रे घेऊन दारातून बाजूला सरकल्या. "परत येजा, भाऊजी," म्हणाल्या. चपला घालताना मी मागे पाहिलं. सरांची मान अजून मी बसलो होतो त्या खुर्चीकडेच होती.